जळलं काय, जाळलं कुणी

बंद पडलेली इंडक्शन शेगडी घेऊन कुणी दारात आलं की मी आधी शेगडीकडे बघतच नाही. ती ओट्यावर कशावर ठेवली होती, किती वाजता बंद पडली, वर कुठलं भांडं होतं, भिंतीतलं सॉकेट मोठं की छोटं, एवढं विचारून घेतो. येणाऱ्याला वाटतं, रिटायर माणूस आहे, वेळ घालवतोय. घालवतो खरा, पण नंतरचा बराच वाचतो.

ही सवय नोकरीतली. झाशीजवळ खैलारला भेलचा कारखाना आहे. १९७४ साली त्याची पायाभरणी झाली. तिथे वीजकेंद्रांसाठी आणि रेल्वेच्या इंजिनांसाठी ट्रान्सफॉर्मर बनतात. मी टेस्टिंगला होतो. चाचणीत एखादा ट्रान्सफॉर्मर नापास झाला तर तिथे कुणी लगेच नवं वाइंडिंग चढवत नाही. तेल काढायचं, टाकी उघडायची, काळवंडलेली जागा शोधायची आणि मग तिथे ठिय्या देऊन बसायचं : इथेच का? काळी जागा आंधळ्यालाही सापडते, जाळणारा सापडेपर्यंत जेवायला जाऊ नका, असं आमचे एक जुने साहेब म्हणायचे. ते स्वतः मात्र एकच्या ठोक्याला जेवायला जायचे.

घरगुती दुरुस्तीत हे नेमकं उलटं चालतं. जळलेला भाग काढला, नवा घातला, पैसे घेतले. याच रीतीने एका शेगडीचं मे महिन्यात काय झालं होतं, ते सांगतो.

शेगडी काकूंची. काकू नात्यातल्या नव्हेत. झाशीत मराठी घरं आता इतकी थोडी आहेत की वयाने मोठं माणूस आपोआप कुणाचं तरी काका-काकू होतं. खंडेराव गेटच्या आत त्यांचं जुनं घर आहे, जाड भिंतींचं, आत अंगण असलेलं. झाशीच्या राजघराण्याच्या, म्हणजे नेवाळकरांच्या, मागोमाग कोकणातून वर आलेल्या घराण्यांपैकी त्यांचं एक. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधररावांचं आणि मणिकर्णिकेचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचं, लग्न लागलं, तिथल्या उत्सवाला मोदक अजून या घरातून जातात. (गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचून महाराष्ट्रातून माणसं झाशीला येतात, किल्ला नि राणी महाल पाहतात आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातात. अशा घरांतून आजही मराठी बोलली जाते, हे त्यांना कुणी सांगतच नाही.)

मुलगा बाहेरगावी. आईच्या हातून गॅस चालू राहून जातो, म्हणून त्याने इंडक्शन शेगडी आणून दिली. विचार चांगला होता. भांडं उचललं की ती आपोआप थांबते. पण काकूंच्या मांडणीवरचं निम्मं सामान एका दिवसात निकामी झालं. पितळी पातेली, तांब्याचं तपेलं, ॲल्युमिनियमचा कुकर, यातलं काही त्या काचेवर चालेना. मग मी खिशात लोहचुंबक टाकून त्यांच्यासोबत भांड्यांच्या दुकानात गेलो. स्टील दिसतंय म्हणजे चालेल, असा भरवसा नाही. ताटवाट्यांचं निकेल असलेलं स्टील चुंबकाला दाद देत नाही, आणि तसलं भांडं ठेवलं की शेगडी नुसती टूं टूं करत राहते. दुकानदार आमच्याकडे बघत बसला. काकूंनी एकेक पातेलं उलटं करून बुडाला चुंबक लावलं, जे धरेल ते उजवीकडे, जे सोडेल ते डावीकडे. लोखंडी तवा मात्र घरातलाच चालला. त्याचं त्यांना मोठं समाधान.

मला या शेगडीची पहिल्यापासून गंमत वाटते ती वेगळ्या कारणाने. काचेखाली तांब्याच्या बारीक तारांच्या पिळाची चपटी कॉइल असते. तिच्यातून सेकंदाला वीस-तीस हजार वेळा पुढे-मागे होणारा प्रवाह जातो, त्याने वरच्या भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि बूड स्वतःच तापतं. हेच भोवरे-प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात उठू नयेत म्हणून आम्ही आयुष्यभर झटलो. त्यासाठी कागदासारखे पातळ पत्रे, त्यांच्यामध्ये इन्सुलेशन, कापताना बुरी राहिली तर पत्रा बाद. कारखान्यात ज्याला ‘लॉस’ म्हणून शिव्या घालायच्या, त्याच्यावर काकू पोहे करत होत्या. नियम तोच, फॅरेडेने १८३१ साली दाखवलेला.

तर एप्रिल सरता सरता या शेगडीने दुपारी दगा द्यायला सुरुवात केली. सकाळचा चहा बिनबोभाट. अकरा-बाराला वरण शिजायला ठेवलं की पाच-दहा मिनिटांत पडद्यावर इ आणि एक आकडा, मग शिट्ट्या, मग बंद. संध्याकाळी पुन्हा शहाण्यासारखी. त्या आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि छापील पुस्तिका कुणाकडेच नसते. काकू म्हणायच्या, “तिलापण दुपारी लवंडायला लागतं.” मग एके दिवशी आतून फट्ट आवाज झाला आणि घराचा एमसीबी पडला.

मोहल्ल्यातल्या मिस्त्रीने उघडून आयजीबीटी (कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), ब्रिज (एसीचा डीसी करणारा भाग) आणि फ्यूज बदलला. काही दिवसांनी पुन्हा फट्ट. पुन्हा तोच आयजीबीटी, तोच ब्रिज. तिसऱ्यांदा फुटल्यावर तो म्हणाला, “अम्मा, लाइट की गड़बड़ है, नया ले लो.” पोरगं लबाड नव्हतं. दिवसाला दहा वस्तू हातावेगळ्या केल्या तर त्याचं घर चालतं. विचार करत बसायचे पैसे त्याला कुणी देत नाही. मला पेन्शन मिळते, म्हणून मी बसू शकतो.

मी काकूंच्या घरी गेलो तेव्हा शेगडी ओट्यावर, भिंतीला टेकून, मेणकापडाच्या चौपदरी घडीवर ठेवलेली होती. घसरू नये, ओटा खराब होऊ नये म्हणून. शेजारच्या खिडकीत कूलर. शेगडीची पिन छोट्या सॉकेटमध्ये, कन्व्हर्टर लावून. पिनेचा एक पाय तपकिरी झालेला, सॉकेटच्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळं पडलेलं. शेगडी २००० वॅटची, म्हणजे पूर्ण ताकदीवर जवळजवळ ९ अँपिअर ओढणार. छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. न उघडताच दोन संशयित मिळाले होते, आणि तिसरा बाहेर गल्लीत तापत होता. झाशीचा मे. पारा ४५च्या वर.

पंचेचाळीस अंश म्हणजे नुसता त्रास नव्हे, गणित आहे. ट्रान्सफॉर्मरच्या तापमानवाढीच्या चाचणीत आम्ही वस्तू किती तापली हे बघत नसू, भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त तापली हे बघत असू. ती वाढ साधारण तीच राहते, खालचा पाया मात्र ऋतूप्रमाणे सरकतो. आतला एखादा भाग हवेपेक्षा ५० अंश वर जात असेल, तर जानेवारीत तो सत्तरीत असतो आणि मे महिन्याच्या दुपारी पंचाण्णवला. शिवाय हवा आत घेण्याची जागा बंद असेल तर ती वाढही पन्नासावर थांबत नाही. या शेगड्या खालच्या जाळीतून हवा ओढतात आणि मागून सोडतात. काकूंच्या शेगडीची जाळी मेणकापडात रुतलेली, मागची फट भिंतीला चिकटलेली. दुपारी लवंडण्यामागे एवढंच होतं. संरक्षण सर्किट आपलं काम चोख करत होतं. ते जोवर ओरडत होतं, तोवर काही जळलं नव्हतं.

मग जळलं कशाने? शेगडी घरी आणून मी पालथी केली, स्क्रू काढले. पंख्यावर पीठ, फोडणीचं तेल आणि केस यांचा करडा थर बसला होता. बोटाने फिरवला तर अर्धा वेढा घेऊन थांबला. सर्किटवर कूलरच्या दमट हवेने आणलेली पांढरट बुरशी. आणि पाच व्होल्टच्या पुरवठ्याजवळच्या कोपऱ्यात झुरळाच्या मिशा, पाय, अंड्याची पेटी. ती जागा शेगडी बंद असतानाही कोमट राहते, पिन लावलेली असली की झालं. ओटा कितीही पुसा, झुरळाला ते घर आवडतं. स्पिरिट लावून जुन्या टूथब्रशने बोर्ड साफ केला, पंख्याच्या बुशात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. पंखा आता फुंकरीने फिरू लागला, तरी तो मी बदललाच. पुन्हा अडकला तर कुणाच्या लक्षात येणार?

आता मीटर. आयजीबीटीचे तिन्ही पाय एकमेकांत जुळलेले, म्हणजे पूर्ण शॉर्ट. ब्रिजही गेलेला. फ्यूजच्या जागी मिस्त्रीने तांब्याची तार गुंडाळली होती, त्यामुळे पुढच्या पट्टीचं तांबं बोर्डावरून उडालं होतं. हे त्याचं मात्र मला अजिबात पटलं नाही. फ्यूज दोन रुपयांचा असतो.

हे झाले मेलेले. मारणारा शोधायचा तर न मेलेल्यांची चौकशी करावी लागते. आयजीबीटीचं गेट चालवणारे दोन छोटे ट्रान्झिस्टर ठीक. पुरवठा तपासायला आयजीबीटी आणि ब्रिज काढून ठेवून पुरवठ्याच्या भागाला वीज दिली : १८ व्होल्ट बरोबर, ५ व्होल्ट बरोबर. हा १८चा आकडा मोलाचा आहे. तो बारा-तेरावर घसरला तर आयजीबीटी धड उघडत नाही, अर्धवट उघडलेल्या दारातून गर्दी ढकलावी तसा प्रवाह त्यातून जातो आणि तो तापून मरतो. इथे तसं नव्हतं. कॉइलच्या मधोमध काचेला चिकटलेला, तापमान सांगणारा थर्मिस्टर तपासला. २५ अंशांना तो सुमारे १०० किलो-ओम दाखवतो. माझ्या खोलीत दुपारी ४४ दाखवत होता. पंचेचाळीस अंशांना तेवढाच यायला हवा. म्हणजे खराब नाही, खरं बोलतोय.

राहिले दोन पिवळे चौकोनी कपॅसिटर. अनेक मिस्त्री यांच्याकडे बघत नाहीत, कारण ते फुगत नाहीत, गळत नाहीत, जळत नाहीत. दिसायला जन्मभर नवे. ब्रिजनंतरचा ५ मायक्रोफॅरडचा होता, मीटरने ४.७ दाखवला. चालेल. कॉइलला समांतर जोडलेला ०.३चा होता. तो ०.१९ भरला.

सापडला.

हा प्रकार जरा समजून घेण्यासारखा आहे. या कपॅसिटरमध्ये प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अगदी पातळ थर चढवलेला असतो. व्होल्टेजचा झटका बसला की फिल्मला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, पण तिथला धातू त्याच क्षणी वाफ होऊन उडून जातो आणि जखम आपली आपण बंद होते. म्हणून तो शॉर्ट होत नाही. किंमत एवढीच की प्रत्येक जखमेमागे थोडा धातू, म्हणजे थोडी क्षमता, कमी होते. उष्णता असेल तर हे लवकर होतं. आता कॉइल आणि हा कपॅसिटर मिळून झोका घेतात, आणि झोक्याच्या शिखरावरचं व्होल्टेज आयजीबीटीला सोसावं लागतं. सगळं ठीक असताना ते हजार व्होल्टच्या आसपास जातं, आयजीबीटी १२०० व्होल्टचा असतो. कपॅसिटर जितका छोटा, शिखर तितकं उंच. ०.३चा ०.१९ झाल्यावर ते शिखर बाराशेच्या पलीकडे डोकावत होतं. त्या शिखरावर पाळत ठेवणारी रेझिस्टरची एक साखळी असते, तिच्यातल्या एकाचाही रोध वाढून बसला होता, म्हणून पाळतही ढिली. अशा जागी कितीही नवा आयजीबीटी घाला, तो जाणारच. मिस्त्रीने घातलेले दोन्ही तसेच गेले.

सामानासाठी सीपरी बाजारात गेलो. दुकानदार ओळखीचा. आयजीबीटी मागितला तर त्याने दोन काढून ठेवले, एक दीडशेचा, एक साठचा. साठच्याची अक्षरं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली गेली आणि पायांवर जुन्या डागाचा चकाकता थर दिसला. जुन्या बोर्डातून काढून, पॉलिश करून, नवं नाव छापून विकलेला माल. “ये भी चलता है, भाईसाहब.” हओ, चलता है, असं म्हणून मी दीडशेचा घेतला. कपॅसिटर तीस-चाळीस रुपयांत, ब्रिज, फ्यूज, रेझिस्टर, पंखा, थर्मल पेस्ट. सगळं मिळून पाचशेच्या आत. नवी शेगडी अडीच-तीन हजारांची.

जोडणी झाल्यावर सरळ प्लगमध्ये घालायची नाही. माझ्याकडे शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब जपून ठेवला आहे, मालिकेत जोडलेला. एलईडी त्या कामाचा नाही. बल्ब लखलखीत पेटला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्ब जळतोय म्हणून दीडशे रुपये वाचतात. इथे तो क्षणभर पेटला, विझला, शेगडीने टूं केलं. भांडं ठेवून चालू केली तर ती कमी व्होल्टेजची तक्रार करू लागली. बल्ब मध्ये असताना तिने तेच म्हणायला हवं. मग बल्ब काढून, चुंबक धरणाऱ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळून घेतलं, हीटसिंकवर थर्मामीटरची तार ठेवून.

एक गोष्ट जरा दरडावून सांगतो. ही वस्तू उघडणं पंखा उघडण्यासारखं नाही. ब्रिजनंतर तिच्यात सव्वातीनशे व्होल्टचा डीसी असतो, पिन काढल्यावरही काही काळ कपॅसिटरमध्ये राहतो. बऱ्याच शेगड्यांत ॲल्युमिनियमचं हीटसिंकही जिवंत असतं, त्याला सहज बोट लागतं. बोर्डाची ‘ग्राउंड’ म्हणून जी पट्टी असते तिचा जमिनीशी काही संबंध नाही. ज्याला हे वाचून नवीन वाटलं त्याने झाकण उघडू नये.

मिस्त्री “लाइट की गड़बड़” म्हणाला तेही अगदी खोटं नव्हतं. बेतवेकाठचं पारीछा औष्णिक केंद्र झाशीपासून फार लांब नाही, १९८४पासून वीज देतं. पण केंद्र जवळ आहे म्हणून घरातलं व्होल्टेज चांगलं मिळतं, असं नाही. ते ठरतं गल्लीच्या तोंडावरच्या ट्रान्सफॉर्मरवर, तिथून घरापर्यंतच्या तारेवर आणि दुपारी किती कूलर-एसी चालू आहेत त्यावर. काकूंकडे मीटर लावून बघितलं : रिकाम्या सॉकेटवर २१८, शेगडी चालू केल्यावर १८६. बत्तीस व्होल्ट कुठे गेले? पाच सोडले तर गल्लीत नाही, कारण शेजारच्या खोलीत त्याच क्षणी २१३ होते. बाकीचे गेले छोट्या सॉकेटात, कन्व्हर्टरच्या सैल पत्रीत, म्हणजेच त्या तपकिरी पिनेच्या पायात, उष्णता होऊन. एक छोटी शेगडी भिंतीतही पेटली होती, असं म्हणा.

आणि गल्लीची खरी गडबड वेगळी ओळखू येते. खांबावरची न्यूट्रल तार सुटली की एका घरात दिवे मंदावतात आणि दुसऱ्या घरात तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येतात. तेव्हा शेगडीत सर्वांत आधी फुटते ती फ्यूजजवळची निळी चकती, व्हेरिस्टर. तिचं कामच ते. काकूंच्या बोर्डावर ती निळी चकती धडधाकट होती. त्यामुळे गल्लीवर आळ घ्यायला जागा नव्हती.

वायरमनकडून ओट्यावर वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढून १६ अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं. शेगडीखाली सागवानाच्या दोन पट्ट्या, मागे चार बोटं जागा. मेणकापड उचलताना काकू म्हणाल्या, “म्हणजे चोर मीच की.” मी म्हटलं, काकू, एकट्या तुम्ही नाही. मे महिना, पंखा, कपॅसिटर आणि सॉकेट, पाच जणांची टोळी होती. “मग मिस्त्र्याला उगीच बोलले मी,” म्हणाल्या आणि संध्याकाळी त्याला बोलावून शिरा खाऊ घातला. तो शिरा नव्या पातेल्यात, त्याच शेगडीवर झाला. खाताना त्याने मला ०.१९चा कपॅसिटर मागून घेतला. आता त्याच्या दुकानात मीटरला क्षमता मोजायची सोय आहे.

तुमच्याही घरी शेगडी दुपारीच बंद पडत असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी ती उचलून खाली बघा, हवेची जाळी मोकळी आहे का. पिनेचे पाय बघा. भांड्याला चुंबक लावा. एवढ्याने भागलं नाही आणि मिस्त्रीने आयजीबीटी बदलायला सांगितला, तर कॉइलजवळचा कपॅसिटर मोजून दाखव म्हणा, आणि काढलेले भाग परत मागून घ्या. फ्यूजच्या जागी तार मात्र कुणालाही गुंडाळू देऊ नका.